चामड्याचा लांब कोट आणि संघाटीखालचे कातडे

कामठीत बसून चामड्याच्या लांब कोटावर लेख लिहावा, हे वाचकाला जरा विचित्र वाटेल. मे महिन्यात इथला पारा पंचेचाळिशीकडे धावतो आणि थंडी म्हणाल तर डिसेंबर-जानेवारीतल्या काही आठवड्यांची. पोटरीपर्यंत पोचणारा चामडी कोट ही इथल्या हवेची गरज नव्हे. म्हणूनच त्याचा विचार करण्यासारखा आहे. गरजेपुरते वस्त्र फारसे काही सांगत नाही, गरजेबाहेरचे वस्त्र मात्र माणसाच्या मनातले सांगते. हिवाळ्यात मोटारसायकलवर असा कोट घालून निघालेला तरुण मी आमच्या गावात पाहतो, तेव्हा प्रश्न पडतो की त्याला नेमके काय हवे आहे? ऊब, की दुसरे काही?

कोटाचा इतिहास पाहिला तर उत्तराची दिशा कळते. पहिल्या महायुद्धात उघड्या विमानात बसणारे वैमानिक आणि मोटारचालक वाऱ्यापासून बचाव म्हणून चामडे वापरत. रशियन क्रांतीनंतर काळे चामडी जाकीट हा बोल्शेविक कमिसारचा जणू गणवेश झाला. पुढे जर्मनीत लांब चामडी कोट हे लष्करी अधिकाऱ्याचे आणि गुप्त पोलिसाचे चित्र ठरले. चित्रपटांनी ते चित्र उचलले. १९८८च्या ‘शहेनशाह’मध्ये अमिताभ बच्चनचा काळा चामडी पोशाख आणि साखळ्यांची बाही ही कायद्याबाहेरच्या न्यायाची खूण होती. १९९९च्या ‘मॅट्रिक्स’ने जगभरच्या तरुणांना काळ्या लांब कोटाचे वेड लावले. गंमत अशी की, त्या चित्रपटात नायकाचा कोट लोकरमिश्रित कापडाचा आणि नायिकेचा पोशाख पीव्हीसीचा, म्हणजे चक्क प्लास्टिकचा होता. चामडे नसतानाही चामड्याचा दरारा चालला. याचा अर्थ, आकर्षण कातड्याचे नाही, दराऱ्याचे आहे. बिल्ला न लावता अधिकारी दिसण्याची सोय या कोटात आहे.

वस्त्र आणि हुद्दा यांचे हे नाते गोगोलने १८४२ साली ‘ओव्हरकोट’ या कथेत दाखवून ठेवले. अकाकी अकाकियेविच हा नकलनवीस उपाशी राहून नवा कोट शिवतो. कॉलरला चांगली महाग फर परवडत नाही, म्हणून मांजराची फर लावतात. दुरून ती महागच वाटते. त्या कोटामुळे कचेरीतल्यांना तो पहिल्यांदा दिसतो, आणि कोट चोरीला गेल्यावर पुन्हा दिसेनासा होतो. या कथेवर सहसा गरिबीच्या करुणेच्या अंगाने लिहिले जाते. मला त्या मांजराच्या फरीत अधिक अर्थ वाटतो. प्रतिष्ठेचे वस्त्र दुरून पाहण्यासाठीच असते. जवळ गेले की त्यात कुणाचे तरी कातडे निघते.

आता आमच्या गावाकडे वळू. १८२१ साली इंग्रजांनी कन्हानच्या काठी छावणी वसवली आणि त्यातून कामठी वाढली. छावणी म्हणजे बूट, पट्टे, खोगिरे, लगाम. गावात ज्या कातड्याला शिवल्याने विटाळ होई, तेच कातडे पलटणीत पॉलिश होऊन हुद्द्याचे चिन्ह झाले. कीर्तनात मृदंगाचे चामडे चालते, ते मढवणारा चालत नाही, हा जुनाच न्याय. महार रेजिमेंटची दुसरी पलटण उभी राहिली ती याच कामठीत. मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या माथी मारले होते, त्यांच्या मुलांनी इथे चामड्याचे बूट आणि पट्टे सन्मानाने घातले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवणारे बाबू हरदासही याच गावचे. म्हणून कामठीत चामडी कोटाच्या नीतीचा विचार करताना जनावर आणि ग्राहक एवढ्या दोघांवर थांबता येत नाही. तिसरा माणूस मध्ये उभा आहे.

ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या ‘जूठन’ या आत्मकथनात हा तिसरा माणूस शाळकरी मुलगा आहे. मेलेल्या बैलाचे कातडे सोलायला त्याला काकाबरोबर जावे लागते आणि कातड्याचे ओझे डोक्यावर घेऊन घरी यावे लागते. चामडे सुंदर असते असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने ते प्रकरण वाचावे.

हा तिसरा माणूस सुटावा कसा, यावर आमच्या विदर्भातच दोन उत्तरे दिली गेली. पहिले वर्ध्याचे. गांधीजींच्या प्रेरणेने नालवाडीला चर्मालय चालले, गोपाळराव वाळुंजकरांनी ते सांभाळले. कत्तल न करता, मेलेल्याच जनावराचे कातडे घ्यायचे, हे ‘अहिंसक चामडे’. उच्चवर्णीय माणसाने स्वतः हा धंदा हाती घ्यावा, हे त्यातले मोठेपण मान्यच करावे लागते. दुसरे उत्तर बाबासाहेबांचे. १९२७ साली महाडला त्यांनी मृत जनावरे ओढणे सोडा असे सांगितले. १५ ऑक्टोबर १९५६च्या नागपूरच्या भाषणातही त्यांनी हा विषय काढला. कातडी-शिंगे सोडल्याने महारांचे किती उत्पन्न बुडते याचा हिशेब वर्तमानपत्रातून मांडणाऱ्यांना त्यांचा सवाल होता की, धंदा एवढा फायद्याचा असेल तर तुम्हीच का करीत नाही? नालवाडीचा विचार जनावराच्या मरणापासून सुरू होतो, बाबासाहेबांचा माणसाच्या जगण्यापासून. कातडे अहिंसक असले म्हणून ते सोलण्याची सक्ती अहिंसक होत नाही.

पण इथे थांबलो तर जनावर सुटते. बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याचीही प्रतिज्ञा आहे. ड्रॅगन पॅलेसला वंदनेला जाणाऱ्या आमच्या गावच्या उपासकाला ती विसरून चालणार नाही. विनयपिटकाच्या महावग्गात चामड्याचे एक स्वतंत्र प्रकरणच आहे, चम्मक्खन्धक. त्यात एक भिक्खू एका उपासकाकडे चित्त्याच्या पिलासारखे देखणे वासरू पाहतो आणि त्याच्या कातड्याचा मोह धरतो. उपासक वासरू मारून कातडे देतो. भिक्खू ते संघाटीखाली लपवून निघतो, आणि गाय वासराच्या ओढीने त्याच्या मागे मागे चालत राहते. संघाटीला रक्त लागते, गोष्ट उघड होते आणि गाईचे कातडे वर्ज्य ठरते. मात्र त्याच प्रकरणात अवंती-दक्षिणापथातल्या भिक्खूंना मेंढी, बकरी आणि हरणाचे कातडे अंथरायची मुभा मिळते, कारण तिकडची रीतच तशी. खडबडीत वाटेवर चालणाऱ्यांना पादत्राणेही मिळतात. म्हणजे विनयाचा प्रश्न ‘चामडे की नाही’ एवढाच नाही. कशासाठी, कुणाच्या सांगण्यावरून आणि काय लपवून, हेही विचारले जाते. त्या भिक्खूने सुरी हाती धरली नव्हती, फक्त इच्छा बोलून दाखवली होती. आजचा ग्राहक वेगळे काय करतो?

लांब कोटाला पन्नास-साठ चौरस फूट चामडे सहज लागते. बकरीचे कातडे चार ते सहा फुटांचे, म्हणजे एका कोटात दहाच्या वर बकऱ्या. चपलेत काही वीतभर कातडे असते आणि ती पायाचे काटे वाचवते. कोट दरारा वाढवतो. हा फरक मला निर्णायक वाटतो.

यावर ‘व्हीगन लेदर’ हा उपाय सांगितला जातो. त्यातले बरेचसे पॉलियुरेथेन किंवा पीव्हीसी असते. दोन-चार पावसाळ्यांत त्याचे पापुद्रे निघतात आणि मग ते कचऱ्यात वर्षानुवर्षे पडून राहते. खरे चामडे म्हणावे तर जगातले बहुतांश चामडे आज क्रोमियमने कमावले जाते. त्याचे सांडपाणी कानपूरच्या जाजमऊत आणि तामिळनाडूतल्या राणीपेटमध्ये काय करून बसले, हे जगजाहीर आहे. बाभळीच्या साली आणि हिरड्याने कातडे कमावण्याची आपली जुनी रीत सौम्य होती, पण ती जातीच्या पायावर उभी होती. २०१५मध्ये महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली. मरणाऱ्या जनावराचा विचार कायद्याने केला, कातड्यावर जगणाऱ्या माणसाचा केला नाही. निष्पाप पर्याय बाजारात मिळत नाही, हे आधी मान्य केलेले बरे.

तरी निवड उरतेच. नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांचे कपडे जतन करून ठेवले आहेत. तो कोटही हवेची गरज नव्हता. पण तो घालणाऱ्याला कुणाला घाबरवायचे नव्हते, ‘मी तुमच्या बरोबरीचा आहे’ एवढेच सांगायचे होते. चामडी लांब कोट नेमके उलटे सांगतो, ‘मी तुमच्यावर आहे’. बरोबरी सांगायला कापड पुरले. वरचढपणा सांगायला दहा बकऱ्यांचे कातडे आणि न दिसणाऱ्या माणसांचे हात लागतात.

म्हणून माझे मत असे की चप्पल, पट्टा, ढोलकी यांबद्दल अपराधी वाटून घेण्याचे कारण नाही, त्यामागच्या कारागिराला योग्य दाम आणि मान मिळतो की नाही एवढे पाहावे. घरात जुना चामडी कोट असेल तर तो फाटेपर्यंत वापरावा. नवा मात्र शिवू नये. आमच्या गावच्या त्या मोटारसायकलवरच्या तरुणाला थंडी वाजत असेल, तर त्याचे काम लोकरीने भागेल.