कोरस गमावलेली शोकात्मिका

ग्रीक शोकात्मिका नियतीची आणि नंतरची शोकात्मिका स्वभावदोषाची, अशी वाटणी आपल्याकडे वर्षानुवर्षे शिकवली जाते. नाटकं हातात घेतली की ती फार वेळ टिकत नाही. इडिपसबद्दलची भविष्यवाणी नाटक सुरू होण्याआधीच खरी ठरलेली आहे. रंगमंचावर त्याला कुणी ढकलत नाही. योकास्टा थांब म्हणते, म्हातारा मेंढपाळ गयावया करतो, तरी प्रश्न विचारायचं तो सोडत नाही. उलट मॅकबेथच्या वाटेवर चेटकिणी उभ्या आहेतच. दैव दोन्हीकडे आहे, स्वभावही दोन्हीकडे आहे. फरक शोधायचा तर नायकावरून नजर काढून त्याच्याभोवती कोण उभं आहे ते पाहायला हवं.

अथेन्समध्ये वसंतातल्या डायोनिससच्या उत्सवात तीन कवींची स्पर्धा लागे. प्रत्येकाच्या तीन शोकात्मिका आणि एक सॅटर नाटक. अक्रोपोलिसच्या दक्षिण उतारावर हजारो प्रेक्षक भर उजेडात बसत. बोलणारे नट मोजकेच असत. एस्किलसने दुसरा आणला, सोफोक्लीसने तिसरा. पण कोरस आधी बारांचा आणि पुढे पंधरांचा होता. त्यात नाचणारे-गाणारे लोक अथेन्सचे नागरिकच असत आणि त्यांच्या तालमींचा खर्च एखाद्या श्रीमंत नागरिकावर सोपवलेला असे. एकदा आत आलेला कोरस बहुधा शेवटपर्यंत हलत नसे. नायकाला एकांत असा मिळतच नसे.

इ.स.पू. ४५८ मधल्या ‘ॲगमेम्नन’मधली एक जागा पाहा. ट्रॉय जिंकून राजा घरी परतला आहे. तो आत जातो आणि थोड्या वेळाने आतून त्याची किंकाळी ऐकू येते. बाहेर अर्गोसचे वृद्ध उभे आहेत. इतका वेळ एका सुरात गाणारा हा घोळका इथे फुटतो आणि जो तो आपापल्या दोन ओळी बोलतो. लोकांना हाक मारू. आत घुसू. हे हुकूमशाहीचं लक्षण आहे. नुसत्या बोलण्याने मेलेला उठणार नाही. नक्की काय घडलं ते आधी कळू दे. एवढं होईतो दार उघडतं, आणि दोन प्रेतांजवळ राजाची राणी क्लायटेम्नेस्ट्रा उभी दिसते. पुष्कळांना ही जागा ढिली, जवळजवळ हास्यास्पद वाटते. मला ती संपूर्ण ग्रीक रंगभूमीतली सर्वांत भेदक जागा वाटते. सभेत चर्चा करून, मतं मोजून निर्णय घेणारं शहर समोर बसलं होतं, आणि एस्किलसने त्याला चर्चेत वेळ घालवणारी माणसं दाखवली.

याच्याशेजारी ‘किंग लिअर’ ठेवा. कॉर्नवॉल ग्लॉस्टरचे डोळे काढत असताना त्याचाच एक नोकर तलवार उपसतो. त्याला नाव नाही. कॉर्नवॉलची बायको रीगन त्याला मारते, पण त्याच्या वाराने कॉर्नवॉलही वाचत नाही. शेक्सपिअरने गर्दीतून एक माणूस उचलला आणि त्याला कृती दिली. हा मोठाच शोध आहे, यात वाद नाही. मात्र त्यानंतर गर्दी उरली नाही.

रासीनच्या ‘फेद्र’मध्ये (१६७७) ही वजाबाकी अगदी स्पष्ट दिसते. युरिपिडीसच्या ‘हिपोलिटस’मध्ये फेड्राचं गुपित गावच्या बायकांना ठाऊक असतं. त्या गप्प राहण्याची शपथ घेतात, आणि निरपराध हिपोलिटस मरणाच्या दारात जातो तेव्हाही ती मोडत नाहीत. पाप एकीचं, मौन साऱ्यांचं. रासीनने कोरस काढून टाकला आणि सगळा भार दाई ओनोनवर दिला. नाटक अधिक रेखीव झालं, फेद्रच्या मनात खोल उतरलं. पण गावाची जबाबदारी त्यातून वाहून गेली.

पुढचा प्रवास दिवाणखान्याकडे आहे. इब्सेनच्या ‘गोस्ट्स’मध्ये (१८८१) आईला मुलाबाबत जो भयंकर निर्णय घ्यायचा आहे, तिथे साक्षीला कुणी नाही. मिलरच्या ‘डेथ ऑफ अ सेल्समन’मध्ये (१९४९) नायक विलीच्या दफनाला बायको लिंडा, दोन मुलं, शेजारी आणि त्याचा मुलगा एवढेच येतात. बाकीचे का आले नाहीत, हे लिंडाला उमगत नाही. कोरसच्या जागी तिथे रिकामी जागा आहे, आणि मिलरला ती पुरती दिसली होती. जॉर्ज स्टायनरने १९६१ मध्ये शोकात्मिकेच्या मृत्यूवर ग्रंथ लिहिला आणि त्यात देव-पुराणांचा सामायिक आधार हरपल्याचं कारण दिलं. मला ते अपुरं वाटतं. देवांवरचा विश्वास तर युरिपिडीसनेच हादरवला होता, तरी त्याची नाटकं उभी राहिली, कारण शहर रंगमंचावर हजर होतं.

मराठीतही हीच विभागणी दिसते. लिअरची सावली असलेला ‘नटसम्राट’ (१९७०) स्वगतांचं नाटक आहे. त्याचे नायक बेलवलकर यांचं दुःख आपण त्यांच्या तोंडून ऐकतो. ‘घाशीराम कोतवाल’मधली (१९७२) माणसांची रांग मात्र ग्रीसहून नव्हे, आपल्या लोकरंगभूमीतून आली, तरी काम कोरसचंच करते. ती गाते, नाचते, भिंत होते आणि त्या भिंतीआड काय चाललंय ते दडवते. पुण्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं ते या रांगेने, एकट्या घाशीरामने नाही.

आज ग्रीक नाटकं जगभर होतात, पण कोरसचं काय करायचं हे अनेक दिग्दर्शकांना सुचत नाही. कुणी तो कापतो, कुणी नृत्यापुरता ठेवतो. आनुईने ‘अँतिगोन’मध्ये (१९४४) तो एका निवेदकावर आणला. जिथे तो खरोखर परतला, तिथे माणसं नाटकाबाहेरही एकत्र भोगत होती. २०१३ मध्ये अम्मानमध्ये सीरियातून परागंदा झालेल्या स्त्रियांनी ‘ट्रोजन विमेन’ केलं. त्यांतल्या बहुतेकींनी पूर्वी कधी अभिनय केला नव्हता. शहर पडल्यावर उरलेल्या बायकांचं ते नाटक युरिपिडीसने इ.स.पू. ४१५ मध्ये, अथेन्सने मिलॉस बेट चिरडल्यानंतर काही महिन्यांतच, विजेत्यांच्याच शहरात सादर केलं होतं. अम्मानमधल्या स्त्रियांनी युरिपिडीसच्या संवादांत आपापल्या घरांच्या हकिकती मिसळल्या, आणि प्रेक्षकांकडे तोंड करून त्या एकत्र बोलल्या.