एक जनुक, एक डोळा?

मंडळी, आज आपण एका शब्दाची झडती घेऊ. शब्द आहे 'सूत्रधार जनुक'.

१९९५ साली स्वित्झर्लंडमध्ये बाझल इथं वॉल्टर गेरिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फळमाशीच्या अळीत, जिथं डोळा यायचाच नाही अशा जागी, 'आयलेस' नावाचं जनुक चालू केलं. माशीच्या पायांवर, पंखांवर, शृंगिकांवर डोळे उगवले. मग त्याच्याशी जुळणारं उंदराचं जनुक, 'पॅक्स-६', वापरून पाहिलं. तरीही डोळे आलेच. पण कोणाचे? उंदराचे नव्हेत, माशीचेच.

यावरून गेरिंग यांनी मांडलं, की सगळ्या प्राण्यांचे डोळे एकाच आद्य डोळ्यापासून निघाले. प्रयोग पक्का आहे, त्याबद्दल वाद नाही. आमचा आक्षेप अनुमानावर आहे. पाटकऱ्यानं दार उघडलं की शेतात पाणी येतं. पण पाट कुणी खणला, हे त्यावरून कळतं का? उंदराच्या जनुकानं फक्त दार उघडलं. घडण केली ती माशीच्या जनुकांनी.

शिवाय उंदरात हेच जनुक मेंदू आणि स्वादुपिंड घडतानाही लागतं. म्हणून स्वादुपिंड हा डोळ्याचा भाऊ ठरतो का? नैयायिक याला अनैकांतिक हेतू म्हणतील.

उलट १९७७ मध्ये साल्विनी-प्लावेन आणि मायर यांनी रचनांची तुलना करून सांगितलं होतं, की प्रकाशग्राही इंद्रियं किमान ४० वेळा स्वतंत्रपणे उत्क्रांत झाली. ऑक्टोपसचा डोळा बघा. आपल्यासारखंच भिंग, पण दृष्टिपटल उलट बसवलेलं नाही, त्यामुळे अंधबिंदूही नाही. मग 'एक की अनेक' हा प्रश्नच ढोबळ ठरतो. प्रकाश टिपणारं ऑप्सिन प्रथिन फार जुन्या पूर्वजाकडून आलेलं. भिंग मात्र ज्याचं त्यानं घडवलेलं.

आपल्या लोणारचंच घ्या. जून २०२० मध्ये सरोवर गुलाबी झालं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं कारण सांगितलं, हॅलोआर्किया हे सूक्ष्मजीव. या गटातल्या अनेकांत ऱ्होडॉप्सिन असतं आणि त्यात आपल्या डोळ्यातलाच रेटिनल रेणू. म्हणून काही लोणारच्या पाण्याला डोळे फुटले नाहीत! साम्य दिसलं की नातं जोडायचं, ही घाई विज्ञानाला परवडत नाही.

आणि आपल्यालाही नाही, बरं का. 'हुशारीचं जनुक', 'व्यसनाचं जनुक' असं आपण सर्रास बोलतो. पोराला चष्मा लागला, की 'घराण्यातच आहे' म्हणून मोकळे होतो. ते पोर दिवसातून किती वेळ उघड्यावर खेळतं, हे कुणी विचारत नाही. जनुकाला धनी ठरवलं, की आपली जबाबदारी संपते. ती संपत नाही, एवढंच आज सांगायचं होतं.