उलुरूसमोरचे दोन सर्प

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी, लाल वाळूच्या सपाट मुलखात उलुरू हा 348 मीटर उंचीचा एकसंध खडक उभा आहे. अशा खडकासमोर काही बांधायचे म्हटले की वास्तुकाराला दोन मोह होतात: त्याच्याशी स्पर्धा करण्याचा, नाहीतर त्याची नक्कल करण्याचा. मेलबर्नचे वास्तुकार ग्रेगरी बर्जेस यांच्या उलुरू-काटा जुटा सांस्कृतिक केंद्रात या दोन्ही मोहांचा मागमूस दिसत नाही. बसक्या, वळणदार, मातीच्या भिंतींच्या या दोन इमारती झाडांच्या आडोशाने जमिनीला बिलगून पसरल्या आहेत.

याचे मूळ त्यांच्या जन्मकथेत आहे. ही जमीन 26 ऑक्टोबर 1985 रोजी तिच्या मूळ मालकांना, आनंगू लोकांना, कायदेशीर हक्काने परत मिळाली आणि त्यांनी ती राष्ट्रीय उद्यानासाठी 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिली. उद्यानाच्या व्यवस्थापन मंडळातही त्यांचे बहुमत आहे. त्यामुळे केंद्राचे काम निघाले तेव्हा घरमालक आनंगूच होते आणि बर्जेस त्यांच्या दारी आलेले कारागीर. ते आणि त्यांचे सहकारी तिथे जाऊन राहिले, लोकांबरोबर हिंडले, ऐकत बसले. इमारतीची कल्पना आधी आनंगूंच्या वाळूवरच्या रेघांत आणि त्यांच्या चित्रांत उमटली. आराखड्याचा कागद त्यानंतर आला.

त्या चित्रांत दोन सर्प होते. कुनिया ही अजगर-स्त्री, लिरू हे विषारी साप. आपली अंडी घेऊन दुरून आलेल्या कुनियाच्या भाच्याला लिरू योद्ध्यांनी भाल्यांनी मारले. ती संतापाने मुतिजुलूच्या पाणवठ्याशी आली, तिथे एका लिरूने तिची टर उडवली आणि तिने हातातल्या खणायच्या काठीने त्याचा जीव घेतला. उलुरूच्या दक्षिण अंगावरच्या भेगांत आणि डागांत आनंगू ही लढाई आजही वाचतात. ही कथा त्यांच्या जुकुर्पातली आहे. जुकुर्पा म्हणजे त्यांची सृष्टिकथा, तोच त्यांचा कायदा आणि तीच रोजच्या वागण्याची रीत.

आता इमारतींकडे पाहावे. एक कुनिया, एक लिरू. छपराचा कणा सापाच्या पाठीसारखा वर-खाली होत जातो आणि भिंती त्याच्याबरोबर वळतात. दोघींच्या मध्ये मोकळी जागा आहे, आणि मला या रचनेचे सगळे सामर्थ्य त्या मोकळ्या जागेत दिसते. दोन वैरी एकमेकांचा अंदाज घेत थबकले आहेत, असा तो ताण आहे. वास्तुकाराने तो कोणत्याही शिल्पाने भरून टाकला नाही. सापाचे तोंड, डोळे, खवले यांतले काहीही ठळक करून दाखवलेले नाही. कथा माहीत नसलेल्याला इथे वळणदार, सावलीची, गार इमारत भेटते. माहीत असलेल्याला दोन पूर्वज भेटतात. दोघांनाही पुरून उरणारी अशी रचना मी फार थोड्या ठिकाणी पाहिली आहे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे या वास्तूने काय सांगितलेले नाही. जुकुर्पातले काही ज्ञान फक्त पुरुषांचे, काही फक्त स्त्रियांचे, आणि ते मिळवायला अधिकार लागतो. परक्यांना सांगता येईल तेवढाच कथाभाग इथे भिंती-छपरांत उतरला आहे. केंद्राच्या आत छायाचित्रे काढायला मनाई आहे. उलुरूच्या भोवतीही काही जागांचे चित्रण करू नये, असे फलक आहेत, कारण त्या खडकाच्या खुणा जिथे आहेत तिथेच पाहायच्या असतात. स्थानिक संस्कृतीचा गौरव म्हणून सगळे उघडे करून मांडणारी संग्रहालये जगभर आहेत. इथला संयम मला त्या सगळ्यांपेक्षा थोर वाटतो. ‘इथपर्यंतच’ हे सांगण्याचा हक्क यजमानाचा असतो आणि या इमारतीने तो हक्क आपल्या घडणीतच जपला आहे.

उलुरूवर चढणाऱ्यांसाठी 1964 साली खडकात खांब रोवून साखळी बसवली गेली होती. हे केंद्र उघडले 1995 साली, जमीन परत मिळाल्याच्या दहाव्या वर्धापनदिनी, आणि तेव्हा चढाई चालूच होती. आम्ही चढत नाही, तुम्हीही चढू नका, अशी विनंती आनंगू पाहुण्यांना करत राहिले आणि ती ऐकवण्याचे मुख्य ठिकाण हे केंद्र ठरले. वर कोणी दगावले तर आपल्या भूमीत पाहुण्याचा जीव गेला म्हणून ते शोक करत. चढणाऱ्यांचे प्रमाण हळूहळू उतरत गेले, 2017 मध्ये मंडळाने एकमताने निर्णय घेतला आणि 26 ऑक्टोबर 2019 पासून चढाई कायमची बंद झाली. हे श्रेय एकट्या इमारतीचे नाही, आनंगूंच्या चिकाटीचे आहे. पण त्या चिकाटीला बसून बोलायला योग्य ओसरी बर्जेस यांनी दिली.

आपल्यापैकी अनेकजण आता ऑस्ट्रेलियाला जातात, मुलांकडे किंवा सहलीने. उलुरूला गेलात तर खडकाकडे धावण्याआधी या केंद्रात जा. कॅमेरा पिशवीत ठेवा, दोन्ही इमारतींच्या मधल्या जागेत थोडा वेळ उभे राहा आणि यजमान जेवढे सांगतील तेवढे ऐका.