वामनाचे तिसरे पाऊल : जयंत नारळीकरांच्या कादंबरीचे पुनर्वाचन

प्रस्तुत लेखात डॉ. जयंत नारळीकर (१९३८-२०२५) यांच्या 'वामन परत न आला' या विज्ञान कादंबरीचा आजच्या संदर्भात पुनर्विचार करावयाचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाले आणि यंत्र माणसाच्या भाषेत उत्तरे देऊ लागले. तेव्हापासून कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी मराठीत पुष्कळ लिहिले गेले. त्यातील बरेचसे लेखन हा विषय काल-परवाच पश्चिमेकडून आला, अशा समजुतीने झालेले दिसते. वस्तुतः माणसाहून वरचढ ठरू शकणाऱ्या यंत्राचा प्रश्न मराठी कादंबरीने १९८० च्या दशकातच हाताळला होता, आणि तोही आपल्या परंपरेतील कथेच्या आधाराने.

कथानक थोडक्यात असे : खोदकामात एक पेटी सापडते. लुप्त झालेल्या, परंतु आपल्याहून प्रगत अशा संस्कृतीचे ज्ञान तीत सांकेतिक रूपाने साठविलेले असते. शास्त्रज्ञ तो संकेत उलगडतात. त्यातून 'गुरू' हा संगणक आणि पुढे 'वामन' हा यंत्रमानव आकारास येतो. स्वतःसारखेच यंत्रमानव घडविण्याची शक्ती वामनाला लाभली तर माणसाचे स्थान काय राहील, हा कादंबरीचा गाभा होय. या दृष्टीने नावाची निवड अत्यंत सूचक ठरते. बटूने मागितली ती केवळ तीन पावले जमीन. मागणी लहान, व्याप मात्र देणाऱ्याच्या कल्पनेबाहेरचा. एका यंत्राने आपल्यासारखे दुसरे घडविले, त्या दोघांनी आणखी दोन, तर दहाव्या फेरीअखेर त्यांची संख्या १०२४ होते. पहिल्या काही फेऱ्यांत कोणाच्या काही लक्षातही येणार नाही.

समीक्षकांनी वामनाच्या नावाची दखल घेतली, तरी 'गुरू' या नावाचाही विचार व्हावयास हवा. पुराणकथेत बळीला सावध करणारे शुक्राचार्य हे त्याचे स्वतःचेच गुरू होते. दानाचे उदक पडू नये म्हणून ते झारीच्या तोटीत शिरले आणि एक डोळा गमावून बसले. मराठी भाषेने मात्र या सावध करणाऱ्याला न्याय दिलेला नाही. 'झारीतील शुक्राचार्य' म्हणजे कामात विघ्न आणणारा, असाच अर्थ आपण रूढ केला. डोळा गेला, वर नावही बद्दू झाले! या क्षेत्राच्या पायाभरणीत ज्यांचा वाटा मोठा, त्या जेफ्री हिंटन यांनी धोक्यांविषयी मोकळेपणाने बोलता यावे म्हणून २०२३ मध्ये गूगलमधील काम सोडले. २०२४ मध्ये जॉन हॉपफील्ड यांच्यासह त्यांना भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचा इशारा अतिरंजित आहे असे म्हणणारे जाणकारही आहेत, आणि ते चूकच असतील असे नाही. पण शुक्राचार्य घरातलाच आहे, हे विसरता येत नाही. नारळीकरांनी 'गुरू' हे नाव यंत्राला दिले. ज्याने सावध करावयाचे त्याच्या जागी यंत्र बसले, आणि सल्ला विचारावयाचा तोही यंत्रालाच. लेखकाला हे अभिप्रेत होते की नाही, कोण जाणे. आजच्या वर्गखोलीला ते तंतोतंत लागू पडते.

शीर्षकाविषयी एक निरीक्षण नोंदवावेसे वाटते. मराठी शीर्षक सांगते की वामन परत आला नाही. इंग्रजी आवृत्तीचे नाव मात्र 'द रिटर्न ऑफ वामन' असे आहे. एक दिलासा देते, दुसरे भय दाखवते. प्रस्तुत लेखकाला इंग्रजी नाव आजच्या वस्तुस्थितीच्या अधिक जवळचे वाटते.

कादंबरीची उणीव माझ्या लक्षात आली ती एका विद्यार्थ्यामुळे. पालघर आणि बोईसर यांच्यामधील उमरोळी या लहान स्थानकावरून तो रोज लोकलने महाविद्यालयात येतो. वडील तारापूर औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार. चर्चेच्या ओघात त्याने विचारले, "सर, यात कामावर जाणारी माणसं कुठे आहेत?" प्रश्न साधा, परंतु मूलगामी. वामनाचे काय करावयाचे हे तज्ज्ञ ठरवितात. ज्यांचे श्रम तो घेणार, त्यांना कादंबरीत आवाज नाही.

कारेल चापेक यांच्या 'आर. यू. आर.' (१९२०) या नाटकाने जगाला 'रोबो' हा शब्द दिला. त्याचे मूळ असलेल्या चेक शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, म्हणजे आपल्याकडील वेठ. पालघर जिल्ह्याला हा अर्थ कोशात पाहावा लागत नाही. १९४५ मध्ये येथील वारल्यांनी वेठ नाकारली. गोदावरी परुळेकरांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकात तो लढा आला आहे. वेठ यंत्राकडे गेली तर माणूस वेठीतून सुटतो खरा, पण मजुरीतूनही सुटतो. शिवाय आजचा वामन पहिले पाऊल अनपेक्षित जागी टाकतो आहे. ड्रम उचलण्याचे वडिलांचे काम तूर्त त्याच्या आवाक्यात नाही. हिशेब, पत्रव्यवहार, नोंदी, भाषांतर ही कामे मात्र तो करू लागला आहे. आणि याच कामांसाठी हा मुलगा शिकतो आहे. वडिलांच्या कामातून मुलाची सुटका व्हावी म्हणून घरातल्यांनी जो मार्ग निवडला, तोच अरुंद होतो आहे.

या भागाला दूरवर झालेल्या निर्णयांचा अनुभव नवा नाही. देशातील पहिले अणुवीज केंद्र १९६९ मध्ये तारापूरला सुरू झाले. पुढे २००५-०६ मध्ये कार्यान्वित झालेल्या ३ व ४ क्रमांकाच्या अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे हलविण्यात आली. वीज देशाला मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही. जमीन मात्र कोणाच्या तरी पायाखालची गेली.

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' (१८७३) मध्ये वामनकथा उलटी वाचली. त्यांचा बळी हा न्यायी राजा, आणि वामन आक्रमक. नारळीकरांच्या कादंबरीला हे वाचन लावून पाहिले की तिची रचना वेगळी दिसू लागते. पुराणातल्या बळीला निदान विचारले गेले होते. शुक्राचार्यांचे ऐकून घेऊन त्याने स्वतः होकार दिला. उमरोळीच्या फलाटावर सकाळच्या लोकलची वाट पाहणाऱ्याला कोणी काही विचारलेले नाही.