अरुणा शानबाग : मौनाचे अन्वयार्थ आणि रुग्णाचा लेखी शब्द

प्रस्तावना :
मृत्युपत्र म्हटले की आपल्यासमोर जमीन, घर व दागिने यांची वाटणी येते. अखेरच्या काळात स्वतःच्या देहावर कोणते उपचार व्हावेत अथवा होऊ नयेत, हे लिहून ठेवण्याची प्रथा आपल्याकडे नाही. ही उणीव प्रस्तुत लेखात दोन संहितांच्या आधारे तपासली आहे : पिंकी विराणी यांचे ‘अरुणाज् स्टोरी’ (१९९८) हे इंग्रजी पुस्तक आणि सर्वोच्च न्यायालयाचा ७ मार्च २०११ चा निकाल.

विवेचन :
मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, ४१ वर्षांहून अधिक काळ, त्या तेथेच अंथरुणाला खिळून होत्या. विराणी यांना त्या देहात संपलेले आयुष्य दिसले. शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांना जिवंत माणूस दिसला. न्यायालयाने निर्णयाचा अधिकार विराणी यांना न देता रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांना दिला. दोन्ही बाजूंच्या आस्थेविषयी शंका नाही; पण दोन्हीकडे एका मौनाचाच अर्थ लावला गेला. मासे भरवताना दिसणारा आनंददेखील पुराव्यात जमा झाला. अरुणा यांचा स्वतःचा शब्द मात्र कुठेच नाही. या संहितांची खरी शोकांतिका हीच होय.

९ मार्च २०१८ च्या ‘कॉमन कॉज’ निकालाने हा शब्द रुग्णाला आगाऊ लिहून ठेवण्याची मुभा दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी प्रक्रिया सुलभ झाली : दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरेसे ठरले. मराठीत यालाही सरसकट ‘इच्छामरण’ म्हणतात, हे दिशाभूल करणारे आहे. या दस्तऐवजात मरणाची मागणी नसते, निरर्थक उपचारांना नकार असतो. त्यास ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणणे अधिक उचित ठरेल.

निष्कर्ष :
कायद्याने कागद दिला, तरी तो वाचणारे घर हवे. नातेपुत्यासारख्या गावात उपचारांचा निर्णय बहुधा मुले व भावकी घेतात. ज्याचा देह, त्यास विचारणे अशुभ मानले जाते. म्हणून हे इच्छापत्र कपाटात ठेवून भागणार नाही. शुद्धीत असतानाच त्याची घरात चर्चा व्हावी. अन्यथा आपल्याही मौनाचा अर्थ इतरच लावतील, आणि तोही प्रेमापोटीच.