रंग लावला म्हणजे इंजिन दुरुस्त झाले का?

ढाणकी हे यवतमाळ जिल्ह्याच्या उमरखेड तालुक्यातील गाव. तेथील शाळेला वाफेचे इंजिन पाहायचे तर सहल नागपूरला, मोतीबागेतील नॅरोगेज संग्रहालयाकडे न्यावी लागते. याच जिल्ह्यातून मूर्तिजापूरकडे जाणारी ‘शकुंतला’ १९९४ पर्यंत वाफेवर धावत होती.

आपल्याकडे अनेक स्थानकांसमोर जुनी इंजिने चौथऱ्यावर उभी आहेत. काळा रंग, लाल पट्टे आणि फलकावर सन व वजन. याला ‘जतन’ म्हणतात. आमचा आक्षेप येथेच आहे. रंगाने इंजिनाचे आजार झाकले जातात. जीर्णोद्धार म्हणजे ते उघडे करणे.

बॉयलरचेच पाहू. त्यातील पाणी दहापट वातावरणदाबाखाली सुमारे १८० अंश सेल्सिअसला उकळते. पत्रा गंजून पातळ झालेला असेल आणि तो फाटला, तर दाब एकदम उतरतो व अतितप्त पाण्याचा मोठा भाग क्षणात वाफ होतो. एक लिटर पाण्याची वाफ सुमारे १,७०० लिटर जागा मागते. हाच बॉयलरचा स्फोट. म्हणून दुरुस्तीनंतर पहिली चाचणी वाफेने करत नाहीत. बॉयलर पाण्याने पूर्ण भरून नेहमीपेक्षा जास्त दाब देतात. पाणी जवळजवळ दाबले जात नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा फारशी साठत नाही. सांधा सुटलाच तर स्फोट न होता पाणी गळते. नळ्या बदलता येतात. पण भट्टीचा पत्रा आणि त्याला धरून ठेवणारे शेकडो आधारखिळे तपासणे हे महिनोन्‌महिन्यांचे काम आहे.

चाकांची गोष्ट तर गावातलीच. लोहार बैलगाडीच्या चाकावर धाव तापवून चढवतो. निवल्यावर ती आकसून घट्ट बसते. इंजिनाच्या चाकावरील पोलादी धावही तशीच बसवतात. हे करणारे हात मात्र वाफेबरोबरच कमी झाले. सुटे भाग बाजारात मिळत नाहीत. लाकडी साचा करून ओतावे लागतात.

हे अशक्य नाही. १८५५ साली लीड्समध्ये बांधलेले ‘फेअरी क्वीन’ १९०९ मध्ये निवृत्त झाले होते. १९९७ मध्ये ते पुन्हा धावले. पण खर्च मोठा असतो. इंग्लंडच्या ‘फ्लाइंग स्कॉट्समन’ या इंजिनाचे काम २००६ ते २०१६ अशी दहा वर्षे चालले आणि खर्च चाळीस लाख पौंडांवर गेला. काम सुरू झाल्यावर सांगाड्यात तडे सापडले. वेळ आणि पैसा का वाढला याची चौकशी करून त्या संग्रहालयाने अहवाल लोकांपुढे ठेवला. तो प्रामाणिकपणा आम्हांला इंजिनाइतकाच मोलाचा वाटतो.

याउलट २०२३ मध्ये अहमदाबाद–एकतानगर मार्गावर वाफेच्या इंजिनाचे रूप दिलेले विजेचे इंजिन सुरू झाले. प्रवाशांना गंमत वाटते, हे खरे. पण ते सोंग आहे. त्यातून वाफेचे काम कळत नाही.

प्रत्येक जुने इंजिन धावलेच पाहिजे, असे आमचे म्हणणे नाही. धावताना मूळ भाग झिजतात व बदलावे लागतात; शेवटी जुने किती उरले, हा प्रश्न पडतो. दुर्मीळ इंजिन थंड ठेवणेच बरे. मग निदान एखाद्या सामान्य इंजिनाची एक बाजू कापून नळ्या, भट्टी, दट्ट्या उघडे दाखवावेत. कोणता भाग मूळचा, कोणता नवा, हे फलकावर लिहावे.

तोवर शिक्षकांनी सहलीत मुलांना सन पाठ करायला लावू नये. पाणी कोठे, आग कोठे, वाफ कोणत्या वाटेने बाहेर पडते, एवढेच शोधायला सांगावे. उत्तर सापडले नाही, तर दोष मुलांचा नव्हे, रंगाचा आहे.