पर्क विकर आणि स्मृतिभ्रंश : एका आरोपाचे परीक्षण

बुलढाणा जिल्ह्यातील सुलतानपूर असो वा अन्य कोणतेही गाव, वृद्धाला घरची माणसे ओळखू येईनाशी झाली की ‘म्हातारचळ लागला’ असे म्हणून विषय संपविला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ ह्या म्हणीने तर पुढील विचाराचे दारच लावून घेतले आहे. वस्तुतः आलॉइस अल्झायमर ह्यांनी १९०६ साली जिच्या मेंदूचे वर्णन केले, ती स्त्री रुग्णालयात आली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. ह्या रोगाच्या कारणमीमांसेत अलीकडे ‘पर्क’ नामक विकराला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले जाते. त्या आरोपाचे परीक्षण येथे योजिले आहे.

पर्क हे पेशीतील आंतर्द्रव्यजालिकेच्या पटलात वसणारे विकर. घडी चुकलेली प्रथिने साचू लागली की ते जागृत होते आणि ‘ईआयएफ-२ आल्फा’ ह्या प्रथिनास फॉस्फेट जोडते. त्यासरशी पेशीतील बहुतेक प्रथिननिर्मिती मंदावते. पावसाने ओढ दिली असता कोरडवाहू शेतकरी पेरणी थांबवितो, त्यातलाच हा प्रकार. बियाणे वाचते, हे खरे; परंतु हंगामच टळला तर वाचलेल्या बियाण्याचा उपयोग काय? नवी स्मृती टिकण्यास नवी प्रथिने लागतात. म्हणून ही स्थगिती लांबल्यास स्मृती हरपावी, असा युक्तिवाद आहे. तो सुबक आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा धोका.

मृत रुग्णांच्या मेंदूत, विशेषतः ज्या चेतापेशींत टाऊ प्रथिनाच्या गाठी अद्याप पक्क्या झालेल्या नाहीत अशा पेशींत, जागृत पर्क आढळते, असे होझेमान्स व सहकाऱ्यांनी २००९ साली दाखविले. पण आढळणे म्हणजे अपराध करणे नव्हे. २०१३ साली एरिक क्लान ह्यांच्या गटाने रोगप्रवण उंदरांत पर्क किंवा त्याचे भावंड जीसीएन-२ काढून टाकले, तेव्हा स्मरण सुधारले. त्याच वर्षी देवी व ओनो ह्यांना दुसऱ्या वाणाच्या उंदरांत जीसीएन-२ काढूनही लाभ दिसला नाही. टाऊविकृतीच्या उंदरांत तर विरोध टोकाला जातो : २०१५ साली पर्कला रोधणारे औषध हितकारक ठरले, २०१७ साली पर्कला चेतविणारे! शिवाय ते रोधक औषध आरआयपीके-१ ह्या निराळ्या विकरालाही रोधते, असे पुढे उघड झाले. मग २०१५ च्या लाभाचे श्रेय कोणाचे?

औषधाची घाई करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ज्या बालकांत जन्मतः पर्क निकामी असते, त्यांना तान्हेपणीच मधुमेह जडतो. कारण इन्शुलिन बनविणाऱ्या पेशी ह्याच विकराच्या आधाराने तगतात. आपल्याकडील वृद्धांत मधुमेह आधीच विपुल आहे. त्यांना हे विकर वर्षानुवर्षे रोधून ठेवणारे औषध देणे म्हणजे काय, हे सांगावयास नको.

एकाच वाणाच्या उंदरांत, रोगाच्या आरंभी, मध्यास आणि अखेरीस, पर्क निरनिराळ्या वेळी रोधून व चेतवून पाहिल्याखेरीज २०१५ व २०१७ च्या निष्कर्षांचा मेळ घालणे मला तरी शक्य वाटत नाही.